सा. न. वि. वि., आपली स्वाक्षरी पाठवावी

कोणत्याही मंडळाची स्मरणिका उघडावी. पहिल्या चार-सहा पानांवर मान्यवरांचे शुभसंदेश असतात. मजकूर बहुधा एकाच साच्यातला, आणि खाली झोकदार सही. वाचक ही पाने उलटून पुढे जातो. आम्हीही इतकी वर्षे तसेच करीत आलो. गेल्या पावसाळ्यात मात्र सुवर्णमहोत्सवी अंकाच्या तयारीत मंडळाच्या ग्रंथालयातील लोखंडी कपाट आवरण्याचे काम आमच्या वाट्याला आले आणि खालच्या खणात, जुन्या नाटकांच्या पुस्तकांखाली, एक फाईल सापडली. पुठ्ठ्यावर आपल्या पहिल्या कार्यवाहांच्या वळणदार अक्षरात ‘संदेश व नकार’ असे शीर्षक होते. उघडून पाहतो तो संदेश थोडे आणि नकारच फार. गणेशोत्सवाला येता येत नाही, प्रकृती साथ देत नाही, प्रवास लांबचा आहे, तरी मंडळास शुभेच्छा. पण प्रत्येक नकाराखाली सही होती आणि कार्यवाहांनी त्यातला एकही टाकला नव्हता.

दामोदरच्या काठी, महाराष्ट्रापासून दीड दिवसाच्या प्रवासावर राहणाऱ्या आपणां मंडळींना हे सहज समजेल. पुण्या-मुंबईच्या मुलाला स्वाक्षरी हवी असेल तर वही घेऊन सभागृहाच्या दाराशी उभे राहावे. आपल्या दाराशी कोण येणार? आपल्याकडे स्वाक्षरी आली ती टपालानेच. तेव्हा पत्र पाठवून स्वाक्षरी मागण्याची ही रीत कोठून आली, याचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्ही ठरविले.

मुळात सही हे खातरजमेचे साधन, आठवणीचे नव्हे. मराठेशाहीतील पत्रे कारकुनाच्या हातची असत. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या माथ्यावर त्यांची संस्कृत मुद्रा आणि मजकूर संपला की ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब. येथे मर्यादा झाली, यापुढे कोणी काही घुसडले तर ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. त्या मोर्तबावर माणसांचे वतन आणि जीव अवलंबून असे. ते कोणी हौसेने मागितले असते, तर बहुधा त्याचीच चौकशी झाली असती.

हौस म्हणून स्वाक्षऱ्या जमविण्याची चाल युरोपात सोळाव्या शतकात रूढ झाली. जर्मनीत विटेनबर्ग येथील विद्यापीठाचे विद्यार्थी १५४० च्या सुमारास आपल्या गुरूंकडून आणि सोबत्यांकडून वहीत चार ओळी लिहवून घेत. ल्यूथर आणि मेलांख्थॉन यांच्यासारखे गुरू तेथे होते, म्हणजे वह्या काही सामान्य नव्हत्या. पुढे एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना ही वही विद्यार्थ्याच्या ओळखपत्रासारखी उपयोगी पडे. परंतु यात मागणारा आणि देणारा समोरासमोर असत. अनोळखी माणसाने अनोळखी माणसाकडे दुरून मागणी करायची, हा प्रकार टपाल स्वस्त होईपर्यंत शक्यच नव्हता.

इंग्लंडात १८४० साली एक पेनीचे टपाल सुरू झाले. अंतर कितीही असो, दर एकच. आपल्या देशात १८५४ च्या ऑक्टोबरात तेच झाले. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पेशावरला जावो की मद्रासला. आणि १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. त्या दिवसापासून एका पैशात कोणीही कोणालाही लिहू शकत होता. हजारो वर्षे राजाच्या दरबारात अर्ज घेऊन उभे राहणाऱ्या या देशात ही क्रांतीच होती, असे आमचे प्रामाणिक मत आहे, जरी इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात तिला दोन ओळींपेक्षा अधिक जागा मिळत नाही.

टपाल स्वस्त होताच मोठ्या माणसांच्या दारी पत्रांचा ढीग पडू लागला. अमेरिकेतील कवी लाँगफेलो फारच भिडस्त. मागेल त्याला स्वाक्षरी देत. आदल्या दिवशी सत्तर स्वाक्षऱ्या लिहून पाकिटे बंद केल्याची नोंद त्यांच्या १८५७ च्या दैनंदिनीत आहे. पण सगळेच लाँगफेलो नसतात, आणि मागणाऱ्यांनाही हे लवकरच कळले. मग युक्त्या सुरू झाल्या. सरळ स्वाक्षरी मागितली तर कोणी देत नाही, म्हणून खोटाच प्रश्न विचारायचा, नोकराच्या वर्तणुकीची चौकशी करायची, म्हणजे उत्तर येते आणि खाली सही असतेच. एडगर अॅलन पो यांनी १८३६ साली याच कल्पनेवर एक गमतीदार लेखमाला रचली. तीत कल्पित गृहस्थाला आलेली कल्पित उत्तरे छापली होती आणि खाली खऱ्या लेखकांच्या खऱ्या सह्यांचे ठसे होते. फ्रान्समधील एका संग्राहकाने तर कहर केला. आपण जगाला कंटाळलेले, आत्मघाताच्या विचारात असलेले तरुण आहो, असे त्याने तत्कालीन थोर लेखकांना कळविले आणि त्या सज्जनांनी त्याला कळवळून उपदेशाची लांबलचक पत्रे लिहिली! स्वाक्षरीच्या नादात माणूस कोठवर घसरतो याचा हा नमुना. त्या लेखकांपैकी एखाद्याला पुढे खरेच असे पत्र आले असेल, तेव्हा त्याने काय केले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

बर्नार्ड शॉ यांनी यावर आपल्या स्वभावाला साजेसा तोडगा काढला. वेगवेगळ्या मागण्यांसाठी त्यांनी छापील नकारकार्डेच तयार करून ठेवली होती. मागणी आली की त्या विषयाचे कार्ड रवाना. अर्थात संग्राहक ती कार्डेही जपून ठेवू लागले. आमच्या पहिल्या कार्यवाहांना हे ठाऊक होते की नाही, न कळे, पण वृत्ती तीच.

आपल्याकडे या विषयात दोन माणसांचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एक रवींद्रनाथ. चीन आणि जपानच्या प्रवासात लोक त्यांच्यापुढे पंखे, कागद, रेशमी कापडाचे तुकडे धरीत आणि काहीतरी लिहून द्या म्हणत. नुसती सही करणे कवीला रुचत नसावे. त्यांनी दोन-दोन, चार-चार ओळी लिहून दिल्या. त्यांतून जो संग्रह झाला तो ‘लेखन’ या नावाने १९२७ साली जर्मनीत छापला गेला आणि तोही कवीच्याच अक्षरात. त्यांच्या निधनानंतर, १९४५ साली, लोकांच्या वह्यांतून विखुरलेल्या अशाच ओळी ‘स्फुलिंग’ या पुस्तकात आल्या. स्वाक्षरी मागणाऱ्यांच्या उपद्रवातून वाङ्मय निर्माण व्हावे, हे फक्त त्यांनाच साधले. सत्यजित राय लहान असताना आईबरोबर शांतिनिकेतनात गेले होते, नवी कोरी वही घेऊन. गुरुदेवांनी ती ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आठ ओळींची कविता लिहून परत दिली. मोठा झाल्यावर याला अर्थ कळेल, असे ते राय यांच्या आईला म्हणाले. दूरच्या गोष्टी पाहायला जाणाऱ्या माणसाला दाराजवळचा दवबिंदू दिसत नाही, अशा आशयाची ती कविता पुढे साऱ्या बंगालला ठाऊक झाली.

दुसरे गांधीजी. त्यांनी स्वाक्षरीला सरळ किंमतच लावली. पाच रुपये, हरिजन निधीसाठी. १९३३-३४ च्या हरिजन यात्रेत आणि पुढेही हा परिपाठ चालू राहिला. श्रीमंत असो वा शाळकरी पोर, दर तोच. पेनीच्या टपालासारखा. त्या काळी पाच रुपये ही लहान रक्कम नव्हती. कारकुनाच्या घरात त्यात कित्येक दिवसांचा बाजार होत असे. तरीही लोक देत, आणि ती सही घरात देवासारखी राही. विजय मर्चंट यांच्या भगिनी स्वाक्षरीची वही घेऊन गांधीजींकडे गेल्या तेव्हाची हकीकत प्रसिद्ध आहे. गांधीजींनी वही चाळली. १९३३-३४ च्या हंगामात डग्लस जार्डिन यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या इंग्रज क्रिकेट संघाचे पान निघाले. सोळा खेळाडूंच्या सोळा सह्या. गांधीजींनी त्याच पानावर सतरावी सही ठोकली. क्रिकेटशी त्यांचा संबंध बेताचाच, विनोदाशी मात्र निकटचा.

गांधीजींच्या टपालाची आणखी एक गोष्ट आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरची आहे. वर्ध्याजवळ १९३६ पासून ते ज्या खेड्यात राहू लागले त्याचे नाव शेगाव, किंवा लिहिण्यात सेगाव. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी त्याचा घोटाळा होऊन पत्रे भलतीकडे जात. म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. ज्याच्या नावे ‘महात्मा गांधी, जहाँ हों वहाँ’ एवढ्याच पत्त्यावर पत्र पोहोचत असे, त्यालाही गावाचे नाव बदलावे लागले, यातच टपालखात्याची थोरवी आणि मर्यादा दोन्ही आल्या. नामसाधर्म्याचा हा घोटाळा निस्तरला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या सहा आकडी पिनकोडाने, आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. आमच्यासारख्या परप्रांतस्थ मराठी माणसाची पत्रे त्यांच्यामुळे वेळेवर येऊ लागली. असो.

आता थोडे स्वतःविषयी. १९७९ साल. आम्ही सातवीत होतो, हिंदी माध्यमाच्या शाळेत. वर्गात स्वाक्षऱ्यांची साथ आली होती. ‘झुमरी तलैया’हून रेडिओला फर्माइशीची कार्डे धाडणाऱ्यांची कीर्ती देशभर झालेली. ते गाव आता झारखंडात, तेव्हा आपल्याच बिहारात. शिवाय रेडिओ सिलोनवर १९५२ पासून चालत आलेली अमीन सयानींची गीतमाला होतीच. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आल्याचे ते सांगत असत. पत्र टाकले की कोठेतरी कोणीतरी ते वाचतो, हा विश्वास त्या वातावरणातच होता. आम्ही एका नटाला लिहिले. सोबत आपला पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट. तीन आठवड्यांत फोटो आला, कोपऱ्यात निळी सही. आनंद गगनात मावेना. वर्गातल्या एका अनुभवी मित्राने बोट ओले करून सहीवर फिरविले. शाई फुटली नाही. छापील होती. त्याने काही न बोलता फोटो परत दिला.

त्या मित्राच्या ओल्या बोटामागे मोठाच इतिहास आहे, हे पुढे वाचनातून कळले. हॉलिवुडच्या चित्रसंस्थांनी चाहत्यांच्या पत्रांसाठी खास विभाग उघडले होते आणि सह्या करायला चिटणीस ठेवले होते. जीन हार्लो या नटीच्या नावाच्या कितीतरी सह्या तिच्या आईने केलेल्या आहेत. बीटल्स मंडळींच्या सह्या त्यांचे मदतनीस करीत. अमेरिकेत तर सही करणारे यंत्रच निघाले. खऱ्या सहीचा साचा घेऊन, खरे पेन धरून, ते हुबेहूब सही काढते. ओले बोट फिरविले तर शाईही फुटते! राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या अशा यांत्रिक सह्यांवर चार्ल्स हॅमिल्टन यांनी १९६५ साली एक पुस्तकच लिहिले. २०११ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा फ्रान्समध्ये असताना त्यांच्या आज्ञेने वॉशिंग्टनमधील यंत्राने एका कायद्यावर सही केली आणि तो कायदा अमलातही आला. मोर्तबाचा प्रवास शेवटी पुन्हा मोर्तबापाशीच आला म्हणायचा.

फोटोच्या फजितीनंतर आम्ही नटांचा नाद सोडला आणि एका ज्येष्ठ मराठी लेखिकेला पत्र लिहिले. मंडळाच्या ग्रंथालयातून आईने आणलेले त्यांचे पुस्तक आम्ही वाचले होते, काही समजले होते, काही नाही. मराठी आम्ही घरात बोलत होतो, लिहीत मुळीच नव्हतो. आईने पाहू म्हटले तरी पत्र दाखविले नाही. त्यात एक वाक्य असे होते : ‘कृपया मला आपला हस्ताक्षर पाठवावा.’

येथे थोडे थांबले पाहिजे. हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही. मराठीत हस्ताक्षर म्हणजे हाताने लिहिलेले अक्षर, त्याचे वळण. आणि मराठीत जी सही, ती हिंदीत ‘बरोबर’. शाळेत ‘सही’ म्हणजे उत्तर बरोबर, घरी ‘सही’ म्हणजे प्रगतिपुस्तकावर बाबांचे नाव. आपल्यापैकी ज्यांची मुले या प्रांतात शिकली त्यांना हे गोंधळ नवे नाहीत. आम्ही मराठी पत्रात हिंदी हस्ताक्षर मागितले होते, तेही पुल्लिंगी.

पाच आठवड्यांनी जाड पाकीट आले. आत फुलस्केप कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला. आरंभी एवढेच, की तू हस्ताक्षर मागितलेस म्हणून हे पानभर हस्ताक्षर पाठवीत आहे, स्वाक्षरी हवी असेल तर ती खाली आहे. मग त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारे आवार, तेथले चिंचेचे झाड, झाडाखाली बसणारा कल्हईवाला, त्याच्या भात्याचा आवाज. मुलाला समजेल अशा भाषेत, पण एकही शब्द सोपा करायचा म्हणून बेचव केलेला नाही. शेवटी स्वाक्षरी.

बाबा ‘आपला हस्ताक्षर’ वाचून पोट धरधरून हसले. आई हसली नाही. तिने तो कागद आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि पुढच्या रविवारपासून दर रविवारी एक पान मराठी लिहायचे, असा घरात नियम झाला. शेजारच्या काकूंनी आपली दोन मुलेही पाठविली. आपल्या मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग, जो पुढे अनेक वर्षे चालला आणि ज्यात या अंकाचे काही लेखकही शिकले, त्याची सुरुवात आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी अशी झाली. वर्गात पहिला धडा म्हणून कित्येक वर्षे तेच पान वाचले जाई. घड्यांवर कागद फाटला तेव्हा आईने मागून पतंगाचा कागद खळीने चिकटविला.

त्या पिढीतील लेखक पत्रांना उत्तरे देत. पु. ल. देशपांडे अनोळखी वाचकांना लिहीत, हे सर्वश्रुत आहे. जी. ए. कुलकर्णी तर माणसांपासून दूर राहणारे, सभा-समारंभ टाळणारे, १९७३ चे साहित्य अकादमीचे पारितोषिकही परत करणारे. पण धारवाडचे कडेमनी कंपाउंड या पत्त्यावरून त्यांनी लिहिलेल्या पत्रांचे खंडच्या खंड पुढे निघाले. भेटीला नाही, पत्राला होय. तेही महाराष्ट्राबाहेरच राहणारे, हे विसरून चालणार नाही. आता लेखक सापडला की लोक त्याच्या खांद्याला खांदा लावून मोबाइलवर छायाचित्र घेतात. त्याला आमची हरकत नाही. त्यात निदान चिटणिसाला संधी नाही.

आता पुन्हा त्या फाईलीकडे. पावसाळ्यातली ती दुपार. एकेक नकार वाचून बाजूला ठेवीत होतो, तो त्या लेखिकेचे कार्ड हाती आले. पंधरा पैशांचे पोस्टकार्ड, १९८० च्या गणेशोत्सवाच्या निमंत्रणाला दिलेले उत्तर. जेमतेम चार ओळी, आणि अक्षर असे थरथरते की दोनदा वाचावे लागले. येणे होणार नाही. हात काबूत राहिला नसल्याने गेली तीन वर्षे पत्रे सून लिहिते, आपण सांगतो. पण नकार तरी आपल्याच हाताने द्यावा, म्हणून हे कार्ड. खाली स्वाक्षरी. आमच्या पानावरचीच, फाटे फुटलेली.

म्हणजे ज्या पानाला आम्ही चार दशकांहून अधिक काळ त्यांचे हस्ताक्षर समजत आलो, ते त्यांचे हस्ताक्षर नव्हते. स्वाक्षरी तेवढी त्यांची होती. आम्ही मागितले होते नेमके तेच, हिंदी अर्थाने, त्यांच्या हातून आले होते. बाकी वळणदार अक्षर सुनेचे. जिचे नाव त्या पानावर कोठेही नाही आणि जिच्या अक्षराबरहुकूम आपल्या वर्गातील मुलांनी ‘ल’ आणि ‘श’ गिरविले. आम्ही ही गोष्ट आईला सांगितली. ती आता नव्वदीच्या घरात आहे. तिने पान मागवून घेतले, भिंगातून पुन्हा पाहिले आणि म्हणाली, ‘‘मजकूर त्यांचाच. चिंच त्यांचीच.’’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘सुनेचं अक्षर छान होतं हो.’’

सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनात ते पान आणि ते पोस्टकार्ड आम्ही एकाच काचेखाली ठेविले आहे. खाली चिठ्ठीवर दोन नावे लिहायची होती. एक लिहिले आहे. दुसऱ्या जागी ‘सूनबाई’ एवढेच आहे. पानाचा डावा कोपरा वाळवीने खाल्लेला असल्याने तारीख दिसत नाही, ती पाकिटावरील शिक्क्यावरून घेतली आहे.